वेदला टीममधून काढल्याबद्दल

शिंदे वहिनी (बी-२०४): नमस्कार. सकाळी सकाळी कुणाचा मूड घालवायचा नव्हता, पण राहवत नाही. रविवारच्या फुटबॉल मॅचच्या यादीत आमच्या वेदचं नाव नाही. कारण काय, तर "अंगात काही नाही, नुसती काडी." अकरा वर्षांच्या पोराला चारचौघांत असं बोलतात? गणपतीत काय झालं होतं ते मी परत उकरत नाही.

चव्हाण (सेक्रेटरी): वहिनी, यादी कोच सरांची आहे. कमिटीचा संबंध नाही 🙏

जाधव (ए-१०१): माझ्या गाडीच्या आरशाचं काय ठरलं?

पाटील काका (सी-३०१): *फॉरवर्डेड* पोलंडमधला एक अनाथ मुलगा अनवाणी फुटबॉल खेळायचा... तोच आजचा रॉबर्ट लेवांडोव्स्की!! ११ जणांना पाठवा.

पाटील काका (सी-३०१): वेदला वाचून दाखवा.

ओंकार (बी-३०२): काका, अनाथ कुठला? वडील ज्युडो चॅम्पियन, आई व्हॉलीबॉलवाली, दोघंही पीटीचे शिक्षक. वॉर्सॉजवळ लेश्नोत घर. बुटांची ददात नव्हती.

ओंकार (बी-३०२): काडी होता हे मात्र खरं. कोच म्हणायचा, बेकन सँडविच खा जरा. २००५ ला वडील गेले, हा सोळाचा. पुढच्या वर्षी दुखापत, आणि लेगिया वॉर्सॉनं सोडूनच दिलं. तेसुद्धा कोचनं नाही सांगितलं, क्लबच्या सेक्रेटरीकडून कळलं.

देशपांडे काकू (सी-१०२): म्हणजे सेक्रेटरी सगळीकडे सारखेच 😄

चव्हाण (सेक्रेटरी): काकू, टेरेसची किल्ली पंधरा दिवस तुमच्याकडे आहे. पापड वाळले असतील एव्हाना.

देशपांडे काकू (सी-१०२): पापड नाहीत, कुरडया. आणि त्यावर रोज बॉयलरची राख पडते, ते कोण बघणार?

ओंकार (बी-३०२): राखेवरून आठवलं. २०१० मध्ये तो इंग्लंडला ब्लॅकबर्न क्लब बघायला निघणार होता. आइसलंडचा ज्वालामुखी फुटला, राखेनं विमानं बंद. मग गेला जर्मनीत डॉर्टमुंड क्लबला. २०११ आणि २०१२, दोन्ही वर्षी लीग जिंकली.

देशपांडे काकू (सी-१०२): त्याच्यावर राख पडून भलं झालं. माझ्या कुरडया काळ्या झाल्या.

जाधव (ए-१०१): आरसा.

शिंदे वहिनी (बी-२०४): विषय वेदचा चालला होता. लेगियानं काढल्यावर काय केलं त्यानं?

ओंकार (बी-३०२): प्रुश्कूव नावाच्या लहान गावात झ्निच म्हणून क्लब, तिथं गेला. तिसऱ्या दर्जाची लीग, १५ गोल. टीम वर चढली, दुसऱ्या दर्जात २१. दोन्ही वर्षी टॉप स्कोअरर. मग लेख पोझनान क्लब. लेगियावाले बसले बघत.

थोरात (डी-४०२): लई कौतुक चाललंय. मेस्सीपुढं कोण हा? २०२१ ला बॅलन डी'ओर, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, कुणी नेला?

ओंकार (बी-३०२): मेस्सी ६१३ पॉइंट, हा ५८०. आणि त्याच्या आदल्या सीझनला यानं ५५ गोल मारले, डॉर्टमुंडनंतरच्या त्याच्या क्लबनं, बायर्ननं, तिन्ही मोठ्या ट्रॉफ्या उचलल्या, तर कोरोनामुळं २०२० चा पुरस्कारच रद्द! त्यावर बोला.

थोरात (डी-४०२): रडगाणं.

ओंकार (बी-३०२): बरं, २२ सप्टेंबर २०१५. बायर्नविरुद्ध वोल्फ्सबुर्ग १-० नं पुढं. हा बाकावर. हाफटाइमनंतर उतरला. ५१ व्या मिनिटाला पहिला, मग ५२, ५५, ५७, आणि ६० ला हवेत आडवा होऊन व्हॉली. नऊ मिनिटांत पाच! बायर्नचा कोच ग्वार्डिओला डोकं धरून उभा. तोंड बघण्यासारखं.

पाटील काका (सी-३०१): नऊ मिनिटांत आपली लिफ्ट पाचव्या मजल्यावर पोचत नाही.

चव्हाण (सेक्रेटरी): लिफ्टचं कोटेशन मागवलं आहे. कृपया विषयांतर नको.

कदम आजोबा (ए-३०३): पोलंडची माणसं आपल्याला परकी नाहीत. १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात पाचेक हजार पोलिश निर्वासित होते. शाळा, चर्च सगळं होतं तिथं.

थोरात (डी-४०२): आजोबा, म्हणून मी आता त्याला पाव्हणा म्हणू का?

देशपांडे काकू (सी-१०२): ओंकार, तो जेवणात गोड आधी खातो ना रे? आमच्या ह्यांना दाखवायचंय.

ओंकार (बी-३०२): हो काकू. बायको कराटेवाली, आहाराचं सगळं तीच बघते. पण तुम्ही श्रीखंडाचा डबा काढणार, ते चालणार नाही.

जाधव (ए-१०१): तिसऱ्यांदा विचारतोय. आरशाचे पैसे कोण देणार?

चव्हाण (सेक्रेटरी): वहिनी, कोच सरांचा निर्णय मान्य करूया. पोरं आहेत, पुढच्या मॅचला बघू.

ओंकार (बी-३०२): गंमत म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये पोलंडच्या कोचनं याचं कॅप्टनपद काढलं. हा म्हणाला, तो कोच असेपर्यंत मी खेळत नाही. टीम फिनलंडकडून हरली आणि कोचच राजीनामा देऊन गेला. नव्या कोचनं परत कॅप्टन केलं.

शिंदे वहिनी (बी-२०४): बघा!! हेच म्हणत होते मी.

चव्हाण (सेक्रेटरी): ओंकार, तुला कुणी विचारलं होतं का?

शिंदे वहिनी (बी-२०४): काडी म्हणे. वेदचा शॉट बघितलाय का कुणी? मागच्या शनिवारी गेटपासून मारला तो थेट ए विंगच्या पार्किंगमध्ये!

जाधव (ए-१०१): शनिवारी किती वाजता?

शिंदे वहिनी (बी-२०४): 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

जाधव (ए-१०१): वाचलाय मी वहिनी.