मदत हवी आहे: श्रीलंकेत मुलांना व्हेल दाखवायचाय, मिरिसात किती रात्री?

प्लीज लवकर सांगा, आज रात्रीच हॉटेल बुक करायचंय. आम्ही पाच जण आहोत. लेकीने निळ्या देवमाशाचं चित्र भिंतीवर चिकटवलंय, रोज विचारते. सगळ्यांना स्नॉर्कलिंगही करायचंय. मिरिसात तीन रात्री पुरतील की चार?

किनारा७: कधी जाताय?

सईची आई: सुट्टीत.

किनारा७: दिवाळीच्या की मेच्या? मुलं केवढी आहेत?

सईची आई: १५ ते २४ मे. मुलगी ९, मुलगा ५, शिवाय माझी आई. पण मी रात्री विचारल्या होत्या.

किनारा७: मग मिरिसा नकोच. दक्षिणेचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल. मेमध्ये तिकडे नैऋत्य मान्सून लागतो, समुद्र खवळतो, त्याच बाजूच्या हिक्कडुवा किनाऱ्याला पाणी इतकं गढूळ होतं की मास्क लावून काही दिसत नाही. पूर्व किनारा तेव्हा शांत असतो. त्रिंकोमालीला जा. बंदरालगतच समुद्रात खोल घळ आहे, म्हणून देवमासे किनाऱ्याच्या बऱ्यापैकी जवळ येतात. स्नॉर्कलिंगला जवळच्या निलावेलीहून पिजन आयलंड.

भटका_नाशिककर: इतकं घाबरवू नका. आम्हाला मिरिसात दोन निळे दिसले, शेपटीसकट.

किनारा७: कोणत्या तारखेला?

भटका_नाशिककर: मार्चअखेर. पण मेमध्ये एकदम काय बदलतं?

किनारा७: वाराच बदलतो हो.

लाटा: मिरिसाला आमच्या बोटवाल्याने देवमाशाचा पाठलाग केला. चारी बाजूंनी बोटी, धुराचा वास, आणि तो बिचारा श्वास घेऊन लगेच खाली. मला रडू आलं. कुठेही जा, पण इंजिन मंद करून लांब थांबणारा बोटवाला आहे का, हे आधी विचारा.

गावकरी: परदेशात कशाला? तारकर्लीला या. आमच्या मालवणातही स्नॉर्कलिंग होतं, वर ताजी सुरमई थाळी.

लाटा: त्यांना देवमासा बघायचाय.

पूर्वा_के: शाकाहारी असाल तर काळजी नको. स्ट्रिंग हॉपर, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, आणि परिप्पू, म्हणजे नारळाच्या दुधातली मसूरडाळ, सगळीकडे मिळतात. पोल सांबोल, म्हणजे ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी, मागवताना मात्र सुके मासे घातलेत का ते विचारा.

सईची आई: आम्ही मासे खातो. मुलाच्या मास्कचं कोणी सांगेल का?

किनारा७: लहान मुलांचा मास्क इथूनच घ्या, मोठ्यांचा पाच वर्षांच्या चेहऱ्यावर गळतो. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने हलकेच श्वास ओढायला सांगा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर बरोबर बसला. मग बादलीत तोंड घालून सराव. पिजन आयलंडला पाणी उथळ आहे, पण प्रवाळावर पाय ठेवू देऊ नका. काळ्या टोकाच्या पंखाचे छोटे शार्क दिसतील, ते माणसापासून लांबच पळतात. लेकीला आधी सांगून ठेवा. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच गोळी द्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही.

सईची आई: मग मिरिसा रद्द. निलावेलीत चार रात्री बघते. आईला बोटीत नेऊ का?

लाटा: त्रिंकोमालीचं कोनेश्वरम मंदिर स्वामी रॉकच्या कड्यावर आहे. त्यांना तिथे न्या. नशीब असेल तर वरूनच देवमाशाचं कारंजं दिसतं.

किनारा७: आईंचं वय काय? गुडघे कसे आहेत? मंदिराला चढ आहे, आणि बोटीत चढताना कधी पाण्यात उतरावं लागतं.

सईची आई: ६८. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन मागच्याच महिन्यात झालंय.