'डार्क साइड'ची पन्नाशी, रेडिओवरची डॉक्युमेंटरी ऐकली का कोणी?

रात्रीचा_चहा: पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमला २०२३ मध्ये ५० वर्षं झाली, त्यावरची रेडिओ डॉक्युमेंटरी काल भांडी घासता घासता ऐकली, त्यातल्या 'मनी' गाण्याच्या सुरुवातीचे ते नाण्यांचे आणि गल्ल्याचे आवाज तालात कसे बसवले असतील, १९७३ ला कॉम्प्युटर कुठे होते?

टेपवेडा: अरे टेप कापून! नाणी, फाटणारा कागद, गल्ला, एकेक तुकडा पट्टीने मोजून चिकटवला नि टेपचं गोल कडं करून (लूप) फिरवलं. सात मात्रा, आपला रूपकच की! गिटार सोलो मात्र चारात जातो.

कुलकर्णी_काकू: त्याच अल्बममधल्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'ची गायिका क्लेअर टोरी, तिचं सांगितलं का? ३० पौंडांत नुसता आलाप घेऊन गेली बाई, सहसंगीतकार म्हणून नाव लागायला २००५ उजाडलं, तेही कोर्टात जाऊन.

रात्रीचा_चहा: हो ना काकू, तिथे हातच थांबला, नळ तसाच चालू.