मदत हवी आहे: फायब्रिनोजेन तंतुमय की गोलाकार?

नमस्कार मंडळी,

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रथिनांच्या धड्यात नेहमीचा तक्ता असतो: तंतुमय प्रथिने लांबट, पाण्यात न विरघळणारी, आधार देणारी (केराटिन, कोलॅजेन), गोलाकार प्रथिने गुंडाळलेली, विरघळणारी, कामकरी (हिमोग्लोबिन, बहुतेक विकरे म्हणजे एन्झाइम्स). पाठ करायला सोपा, पण मुलं प्रश्न विचारू लागली की अडायला होतं.

रक्त गोठायला लागणारं फायब्रिनोजेन हे प्रथिनच घ्या. रक्तद्रवात ते विरघळलेलं असतं, तरी लांबट रचनेमुळे तंतुमयात धरतात. जखम झाली की थ्रॉम्बिन हे विकर त्याचे छोटे तुकडे छाटतं आणि उरलेले फायब्रिनचे रेणू एकमेकांना जुळून न विरघळणारी जाळी तयार होते. अ‍ॅक्टिनचा सुटा रेणू गोलाकार, पण असे रेणू ओळीनं जोडले गेले की स्नायूतला तंतू तयार! स्नायूतल्याच मायोसिन या प्रथिनामध्ये तर दोन्ही एकत्र: शेपटी तंतुमय, डोकी गोलाकार.

मग मुलांना निकष कोणता सांगू? विद्राव्यता, आकार की आणखी काही? 'परीक्षेत तक्ताच येतो, तेवढा करा' असं सांगायला मन धजत नाही. कृपया जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद

ताई, अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या साखळीतल्या दुव्यांच्या) क्रमापासून सुरुवात करा. कोलॅजेनच्या पिळात दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळल्या जातात तेव्हा आतल्या चिंचोळ्या जागेत तेवढंच मावतं, कारण त्याची बाजूची शाखा म्हणजे नुसता एक हायड्रोजन. हाच क्रम शेकडो वेळा येत राहतो, म्हणून रेणू दोरीसारखा लांब होतो. (ही तिपेडी रचना मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये मांडली, हे वर्गात जरूर सांगा.)

मायोग्लोबिन या स्नायूतल्या गोलाकार प्रथिनाच्या १५३ अमिनो आम्लांत अशी पुनरावृत्ती नाही. पाणी टाळणाऱ्या शाखा बहुतांशी आत दडतात, पाण्याशी जमणाऱ्या बाहेर राहतात. रेणू गुंडाळला जातो आणि विरघळतो. म्हणजे विद्राव्यता हा रचनेचा परिणाम आहे, तो निकष मानू नका. मायोसिनसारख्यांना एका रकान्यात कोंबूही नका, 'हा भाग तंतुमय, तो गोलाकार' असंच शिकवा.

उष्णतेचं उदाहरणही द्या. अंड्याचा पांढरा भाग तापला की त्यातली गोलाकार प्रथिने उलगडतात, आत दडलेले भाग एकमेकांना चिकटतात आणि सगळं घट्ट होतं. कोलॅजेन उकळत ठेवलं की उलट, पीळ सुटून जिलेटिन गरम पाण्यात उतरतं. पाया सूप गार झाल्यावर थिजतं ते त्यामुळेच.