दिवसभर चार्जरला जोडलेला लॅपटॉप : चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवावी का?

मुठाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कोथरूडला राहतो आणि बहुतेक काम घरूनच करतो. लॅपटॉप सकाळी टेबलावर उघडला की रात्री मिटेपर्यंत चार्जरला जोडलेलाच असतो आणि बॅटरी कायम १०० टक्के दाखवते. विंडोजमधील ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने बॅटरीचा अहवाल काढला, तेव्हा मूळ क्षमता ५०,००० मिलिवॉट-तास, तर आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता ४१,००० च्या आसपास असल्याचे दिसले. लॅपटॉप फारसा जुना नसताना आणि बॅटरीवर क्वचितच चालवलेला असताना एवढी घट का व्हावी, हे मला उमगत नाही.

चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा, असे सहकारी सुचवतात. माझी अडचण अशी की आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते आणि वळवाचा पाऊस सुरू झाला की एखादी फांदी तारेवर पडून दुपारचे दोन-तीन तास सहज जातात. राउटर इन्व्हर्टरवर आहे, पण टेबलाजवळचा प्लग नाही. त्यामुळे वरचे २० टक्के सोडून देणे मला परवडेल का, हा प्रश्न आहे. शिवाय याच लॅपटॉपवर विंडोजबरोबर उबुंटू ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणालीही आहे. मर्यादा नेमकी कोठे ठेवली म्हणजे ती दोन्हीकडे लागू राहील, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

पर्वतीपायथा

चार्जर लावून ठेवल्याने बॅटरीत जास्तीची वीज भरली जाते, हा समज आधी बाजूला ठेवू. १०० टक्के झाल्यावर लॅपटॉपमधील नियंत्रक चार्जिंग थांबवतो आणि यंत्र अ‍ॅडॉप्टरच्या विजेवर चालते. झीज होते ती बॅटरी भरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिल्यामुळे. पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन सेलचा विद्युतदाब साधारण ४.२ व्होल्ट असतो, अलीकडच्या अनेक सेलमध्ये त्याहूनही थोडा अधिक. आणि एवढ्या दाबाला आतील इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन इलेक्ट्रोडवर थर साचत जातो, ज्यात वापरण्याजोगे लिथियम कायमचे अडकते. बॅटरी वापरली नाही तरी क्षमता का घटली, याचे उत्तर यातच आहे. ८० टक्क्यांना दाब ४ व्होल्टच्या आसपास राहतो आणि ही क्रिया बरीच मंदावते. गेलेली क्षमता मात्र मर्यादा घालून परत येणार नाही, उरलेली अधिक काळ टिकेल इतकेच.

मर्यादा कोठे ठेवायची, हे कंपनीवर अवलंबून आहे. डेलच्या बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जिंग कोठे सुरू व्हावे आणि कोठे थांबावे असे दोन आकडे देता येतात, मात्र त्यांत किमान ५ टक्क्यांचे अंतर लागते. एचपीच्या अनेक व्यावसायिक लॅपटॉपांत बायोसमध्येच बॅटरीचे आरोग्य जपण्याचा पर्याय असून तो निवडल्यास चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबते. लेनोव्होच्या थिंकपॅडमध्ये व्हँटेज या प्रणालीतून दोन्ही आकडे ठरवता येतात. आयडियापॅडमध्ये मात्र ‘कॉन्झर्व्हेशन मोड’ चालू किंवा बंद एवढेच हाती असते, आणि ती चालू असताना चार्जिंग जुन्या यंत्रांत ६० टक्क्यांच्या आसपास, तर नव्यांत ८० च्या आसपास थांबते. आसूसच्या मायआसूसमध्ये ८० टक्क्यांचा आणि काही यंत्रांत ६० टक्क्यांचाही पर्याय आढळतो.

दोन आकड्यांपैकी खालच्याकडे लोकांचे लक्ष जात नाही. सुरुवात ७५ आणि शेवट ८० ठेवला असेल, तर ७८ टक्क्यांवर चार्जर लावल्यास चार्जिंग सुरूच होत नाही. ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ ही सूचना पाहून टिळक रस्त्यावर नवा अ‍ॅडॉप्टर घ्यायला निघालेली माणसे मी पाहिली आहेत! ती सूचना म्हणजे मर्यादा नीट काम करीत असल्याचे लक्षण आहे.

सिंहगडरस्ता

वरील माहिती योग्य आहे, परंतु सगळा भर टक्क्यांवर देणे मला पटत नाही. उष्णता तितकीच घातक आहे. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावरील बहुपरिचित कोष्टकानुसार, पूर्ण भरलेला सेल २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवल्यास त्याची क्षमता सुमारे ८० टक्के उरते, तर ४० अंशांना ती ६५ पर्यंत उतरते. तोच सेल ४० टक्के भरून ठेवल्यास हे आकडे अनुक्रमे ९६ आणि ८५ आहेत. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा बाहेरच चाळिशीला टेकतो, आणि चालू लॅपटॉपच्या पोटातील तापमान खोलीपेक्षा नेहमीच अधिक असते. उशीवर किंवा गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवा येण्याची जाळी बंद होते, हे तर रोज घरोघरी दिसते. प्रश्नकर्त्यांनी मर्यादा जरूर घालावी. पण टेबल पश्चिमेच्या खिडकीखाली असेल तर ते आधी हलवावे.

नळस्टॉप

उबुंटूविषयी. मर्यादा बायोसमध्ये ठेवली असेल, तर ती लॅपटॉपमधील स्वतंत्र नियंत्रक पाळतो. विंडोज चालू आहे की उबुंटू, याच्याशी तिचा संबंध नसतो. बायोसमध्ये सोय नसल्यास उबुंटूवर टीएलपी हे वीजवापर सांभाळणारे पॅकेज घ्यावे. त्याच्या मांडणीच्या फाइलमध्ये सुरुवातीचा आणि थांबण्याचा आकडा लिहिला की प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना तो आपोआप लागू होतो. हे महत्त्वाचे आहे, कारण लिनक्सच्या कर्नलमार्फत (गाभ्यामार्फत) हाताने लिहिलेला आकडा काही लॅपटॉपांत बंद-चालू केल्यावर पुन्हा १०० होतो. आज्ञा लिहिण्याचा कंटाळा असेल तर केडीई प्लाझ्मा या लिनक्सच्या डेस्कटॉपच्या ऊर्जाविषयक सेटिंगमध्ये मर्यादेचा पर्याय आहे, आणि २०२५ मधील ग्नोम ४८ पासून ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्येही बॅटरी जपण्याची सोय आली आहे, अर्थात यंत्राने ती पुरवली तरच.

गुरुवारच्या विजेचे उत्तर सोपे आहे. टीएलपीमध्ये ‘फुलचार्ज’ अशी आज्ञा आहे. बुधवारी रात्री ती दिली की मर्यादा तेवढ्यापुरती उठते आणि लॅपटॉप बंद-चालू केला की पुन्हा लागू होते. बुधवारी विंडोज चालू असल्यास कंपनीच्या प्रणालीतून मर्यादा काढावी व गुरुवारी संध्याकाळी परत लावावी. आठवड्यातून एक रात्र बॅटरी १०० टक्के राहिल्याने काही बिघडत नाही.

मुठाकाठ

सर्वांचे आभार. टेबल खरोखरच पश्चिमेच्या खिडकीजवळ आहे; या रविवारी हलवतो. बायोसमध्ये दोन्ही आकड्यांची सोय सापडली, तेथे ७० आणि ८० ठेवले आहेत. आणखी एक विचारतो : अधूनमधून बॅटरी शून्यापर्यंत उतरवून पुन्हा पूर्ण भरावी, असे वडील आग्रहाने सांगतात. त्यात तथ्य आहे का?

पर्वतीपायथा

वडिलांचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे आणि त्या बॅटरीसाठी तो योग्यच होता. लिथियम-आयनला स्मृतिदोष (अर्धवट उतरवून वारंवार भरल्याने क्षमता घटल्यासारखी वाटणे) जवळजवळ नसतो आणि शून्यापर्यंत उतरवणे तिला उलट त्रासाचे ठरते. फक्त एक अपवाद सांगतो : बॅटरी महिनोन्‌महिने ७० ते ८० च्या पट्ट्यातच राहिली, तर उरलेल्या क्षमतेचा अंदाज करणाऱ्या मापकाचा हिशेब चुकू लागतो आणि ३० टक्के दाखवत असतानाच लॅपटॉप अचानक बंद पडतो. असे घडू लागल्यास एकदा पूर्ण चार्ज करून १० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वापरावी व पुन्हा भरावी. हे मापकासाठी आहे, सेलसाठी नव्हे.

टेबल हलवाल तेव्हा लॅपटॉप सपाट पृष्ठभागावर ठेवून तो डुगडुगतो का, आणि टचपॅड दाबताना कडक लागतो का, हेही पाहून घ्यावे. तसे आढळल्यास बॅटरी फुगली आहे असे समजून चार्जर काढावा व लॅपटॉपचा वापर थांबवावा. बॅटरी घरी उघडू नये, टोचू नये आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नये.