विद्यापीठ परिसरात सर्वधर्मीय प्रार्थनागृह: खोली रिकामीच ठेवू का?

प्रश्न: शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, सोलापूर

नमस्कार. आर्किटेक्चरच्या थीसिससाठी मी विद्यापीठ परिसरातलं सर्वधर्मीय प्रार्थनागृह घेतलंय. जागा केगावच्या बाजूची धरलीय. काळी माती, बाभळी आणि मे महिन्यात ४२-४३ अंश ऊन.

डोळ्यांसमोर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं चॅपल (छोटं प्रार्थनागृह) होतं, वास्तुविशारद एरो सारीनेनचं, १९५५चं. ५० फूट व्यासाचा विटांचा गोल. भिंतीभोवती पाण्याचा चर आहे. त्यावरून उजेड उलटून आतल्या भिंतींवर हलत राहतो. वरच्या झरोक्यातून उजेडाचा झोत संगमरवरी वेदीवर पडतो, आणि मागे शिल्पकार हॅरी बेर्तोइयाची धातूची पाती चमकतात. फोटो बघूनच मी गप्प झाले होते.

म्हणून मीही गोल काढला. भिंतीत सहा कोनाडे, एकेका धर्माचं एकेक चिन्ह. ज्यूरीत, म्हणजे परीक्षकांसमोर, मला विचारलं, "सातवा आला तर?" मी कोनाडे खोडले. आता खोली रिकामी आहे, आणि खरं सांगते, लग्नाच्या हॉलमधून खुर्च्या उचलल्यावर दिसतं तशी दिसते.

माझी आजी पूर्व भागात राहते, जन्म मागावर गेला. तिला ड्रॉइंग दाखवलं तर म्हणाली, "छान आहे, पण दिवा कुठं लावायचा?" तेव्हापासून हा प्रश्न सुटत नाहीये.

उत्तर १: बांधकामावर ३० वर्षं

ताई, आधी आवाजाचं बघा. गोल खोलीत आवाज भिंतीवरून फिरून मध्यभागी गोळा होतो. विजापूरला गोलघुमटात एकदा टाळी वाजवून या, मग कळेल. एमआयटीच्या चॅपलची आतली भिंत लाटेसारखी नागमोडी आहे, ती नुसती शोभेसाठी नाही, आवाज फोडण्यासाठीही आहे. तुमच्या प्लॅनमध्ये ती सरळ गोल दिसते. एकानं हळू आवाजात पाठ म्हटला तरी दुसऱ्याचं ध्यान मोडणार.

चराचं म्हणाल तर पाण्यातल्या वाटेनं देवाकडं जाणं आपल्याला नवीन नाही, सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यातच आहे. पण जिथं नळाला रोज पाणी येत नाही तिथं उन्हाळ्यात तो चर भरणार कोण? डास होतील ते वेगळंच. त्यापेक्षा जाड दगडी भिंत आणि भोवती खोल ओसरी करा. खाली शहाबादी फरशी घाला, अनवाणी पायाला गार लागते.

उत्तर २: माजी हॉस्टेलवासी

मी इंजिनिअरिंगला चार वर्षं हॉस्टेलवर होते. जोहरची, म्हणजे दुपारची नमाज जिन्याखाली पढायचे, वजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं) बेसिनवर. पाय वर उचलून धुताना दोनदा घसरले, आणि बघणाऱ्या मुलींच्या नजरा अजून आठवतात. म्हणून माझी विनंती आहे, खोलीच्या आधी पाणी काढा. बसायला ठेंगणा कट्टा, गुडघ्याएवढ्या उंचीवर नळ, खाली न घसरणारा दगड, मुलींसाठी आडोसा. पाय सगळेच धुतात, देवळात जाणारेही. म्हणून ती जागा कुणा एकाची दिसणार नाही.

दुसरं दिशेचं. सोलापूरहून किब्ला, म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा, बरोबर पश्चिमेला नाही, साधारण १२ अंश उत्तरेकडे कललेला आहे. चिन्ह लावूच नका. फरशीच्या सांध्यांची ओळ त्या दिशेनं टाका. मला कळेल, आणि दुसऱ्या कुणाला ती नुसती फरशीच दिसेल.

उत्तर ३: निवृत्त प्राध्यापक

सांध्यांची कल्पना मला फार आवडली.

रिकामेपणाला घाबरू नका, पण त्याचे प्रकार असतात. सेवाग्रामची प्रार्थनाभूमी पाहिली आहे का? ना भिंत ना मूर्ती, मोकळं अंगण आणि झाडं. तिथं सगळे एकाच वेळी एकच प्रार्थना करायचे, म्हणून मोकळं अंगण पुरलं. दिल्लीचं १९८६चं कमळ मंदिरही मूर्तीविना आहे. कोणत्याही धर्माचा ग्रंथ वाचता येतो, पण विधी नाहीत, वाद्यं नाहीत. म्हणजे तुमच्या आजीला तिथं दिवा लावता येणार नाही.

तुमच्याकडे येणारे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं करणार. लिंगायत मुलगा इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बसेल, त्याला फक्त शांत कोपरा हवा. बौद्ध मुलांना वंदनेसाठी बुद्धमूर्ती समोर लागेल, रविवारी कुणाला क्रूस. तेव्हा दाराशी दणकट कपाटं करा. ज्याचं त्यानं काढावं, झाल्यावर परत ठेवावं. हे कपाट नकाशात कोपऱ्यात ढकलू नका, त्याला चांगला उजेड द्या.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून गोल मोडला. आता चौकोन आहे, ओसरीसह. फरशी १२ अंशांनी फिरवली, तेव्हा भिंतींशी तिरके तुकडे कापावे लागतायत, पण ते ठेवणार आहे. पाय धुतलेलं पाणी कडुनिंबांना सोडलंय. कपाट दारासमोर आलं.

दिव्याचा कोनाडा पूर्वेच्या ओसरीत घेतला, म्हणजे पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्यापासून आडोसा मिळेल आणि धूर ओळखणारी धोक्याची घंटा आत वाजणार नाही. काळ्या दगडात तेल मुरून डाग पडतात, त्यावर काय करता? दिव्याखालचा दगड नंतर बदलता येईल असा सुटा ठेवू का?

बांधकामवाले

सुटाच ठेवा. खाली पितळी थाळी बसेल एवढी खाच मारा, आणि समोरचा काठ अर्धा इंच वर घ्या.