राजाने राज्य ‘सोडलं’, की त्याला ‘पदच्युत केलं’?

रंगपीठ
आमच्या हौशी गटासाठी शेक्सपिअरच्या ‘दुसरा रिचर्ड’मधला चौथ्या अंकाचा प्रवेश मराठीत करते आहे. रिचर्ड स्वतःच्या हाताने मुकुट चुलतभावाला, बोलिंगब्रोकला देतो, तो प्रवेश. मी निवेदनात लिहिलं, ‘रिचर्डला पदच्युत केलं’. दिग्दर्शक म्हणतात, ‘राज्यत्याग केला’ असं लिहा, कारण मुकुट कोणी हिसकावून घेत नाही. मला राज्यत्याग म्हटलं की डोळ्यांपुढे रामच येतो. इथे रिचर्डचे सरदार, सैन्य, सगळं आधीच बोलिंगब्रोकला जाऊन मिळालंय. मग नेमका शब्द कोणता?

बखरवाचक
इतिहासात दोन्ही झालं आहे. 29 सप्टेंबर 1399 रोजी लंडनच्या टॉवरमध्ये रिचर्डकडून राज्य सोडल्याचं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टरला ते वाचून मान्य झालं. आणि तेवढ्यावर न थांबता त्याच्यावरचे 33 आरोप वाचून त्याला पदावरून काढलंही. नुसतं सोडपत्र ठेवलं असतं तर उद्या ‘जबरदस्तीने लिहून घेतलं’ म्हणायची सोय राहिली असती. नुसतं काढलं असतं तर प्रजेला राजा काढता येतो हे कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि ते नव्या राजालाही परवडणारं नव्हतं.

नाटकात हा पेच नॉर्दंबरलंडच्या, म्हणजे बोलिंगब्रोकच्या बाजूच्या सरदाराच्या, हातातल्या कागदात आहे. मुकुट दिल्यानंतरही तो रिचर्डपुढे आरोपांचा कागद धरतो, हे मोठ्याने वाचा म्हणतो. रिचर्ड म्हणतो, डोळे पाण्याने भरलेत, दिसत नाही. मग आरसा मागवतो, त्यात स्वतःचा चेहरा बघतो आणि आरसा फोडतो. कागद शेवटपर्यंत वाचला जात नाही. ‘पदच्युत’ लिहिलंत की नॉर्दंबरलंड जिंकला. तो जिंकलेला नाही.

शब्दांगण
‘पायउतार’ का नको? तिसऱ्या अंकात फ्लिंटच्या किल्ल्यावर रिचर्ड तटावर उभा आहे, बोलिंगब्रोक खाली चौकात. खाली या असा निरोप येतो आणि रिचर्ड ‘खाली, खाली येतो मी’ असं म्हणत खरोखरच उतरतो. तोच खरा सत्तेचा क्षण, चौथा अंक ही नंतरची लेखापढी. पायउतार हा शब्द घोड्यावरून, पालखीतून उतरून पायी चालण्यातून आला असावा. राजाला याहून चपखल शब्द नाही.

सडारांगोळी
पायउताराचा घोड्याशी संबंध कशावरून? आमच्या गावी ‘नदीला उतार पडला’ म्हणजे पाणी पायी पार करण्याइतकं कमी झालं. आजी म्हणायची, ‘उतार असेल तरच निघा’. मला तर पायउतार तिथूनच आलाय असं वाटतं.

शब्दांगण
नदीचा उतार वेगळा. मंत्री पायउतार होतो तेव्हा तो नदी ओलांडत नाही, खुर्चीवरून उतरतो.

दौतटाक
मूळ संवादाकडे बघा. बोलिंगब्रोकचा प्रश्न साधारण असा आहे: मुकुट सोडायला तुम्ही राजी आहात ना? आपल्याकडे यासाठी अख्खा शब्द तयार आहे: राजीनामा. राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे लेख. आज तो नोकरी सोडण्याचा कागद झालाय, पण मुळात संमतीचा कागद. मुंबई इलाख्यातल्या जमिनीच्या दप्तरात ‘राजीनामा-कबुलायत’ अशी जोडीच असे. जुना खातेदार जमीन सोडल्याचा राजीनामा देई, नवा ती घेतल्याची कबुलायत. आमच्या घरी पणजोबांच्या नावाचा असा एक राजीनामा आहे. ‘स्वसंतोषाने’ लिहिलंय, आणि घरातली प्रत्येक पिढी सांगत आली की संतोष सावकाराचा होता. रिचर्डचा प्रवेश मला त्या कागदाशिवाय वाचताच येत नाही.

शुद्धमराठी
राजाच्या तोंडी राजीनामा? कचेरीचा वास येतो. त्यागपत्र म्हणा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांच्या जागी आपले शब्द यावेत म्हणूनच ना? साडेतीनशे वर्षांनी आपण पुन्हा राजी-नामे-कबुलायती काढायच्या?

दौतटाक
कोश झाला तरी पेशवे दप्तर फारसी शब्दांनी भरलेलंच राहिलं. लोकांनी जे वापरलं ते मराठी. आणि कचेरीचा वास यायलाच हवा. बोलिंगब्रोक हा कागदाचा माणूस आहे. बाप वारल्यावर रिचर्डने त्याची लँकेस्टरची जहागीर खालसा केली आणि तो हद्दपारीतून परत आला ते ‘मी फक्त माझं वतन मागायला आलोय’ म्हणत. पूर्ण नाटकात तो ‘मला राजा व्हायचंय’ असं एकांतातही म्हणत नाही. शेक्सपिअरच्याच दुसऱ्या नाटकातल्या तिसऱ्या रिचर्डसारखं प्रेक्षकांकडे वळून बेत सांगणं नाही. त्याच्या मनात काय आहे ते कळतच नाही, म्हणून तर त्याला ‘बळकावणारा’ म्हणताना जीभ अडखळते.

बखरवाचक
नाटकात एकजण अडखळत नाही. कार्लाइलचा बिशप भर सभेत उठून त्याला राजद्रोही म्हणतो, इंग्रजांच्या रक्ताने ही भूमी भिजेल म्हणतो. भाषण संपताच त्याला राजद्रोहाखाली अटक होते. शब्द कोणता वापरायचा हे कोण ठरवतं, ते तिथे दिसतं. आणि हा खेळ रंगमंचापुरता नव्हता. 1597 च्या पहिल्या छापील प्रतीत मुकुट देण्याचा हा भाग, दीडशेहून अधिक ओळी, नाहीच. तो छापून आला 1608 मध्ये, राणी एलिझाबेथ वारल्यावर. 7 फेब्रुवारी 1601 रोजी राणीवर उलटलेल्या एसेक्स या सरदाराच्या माणसांनी मुद्दाम रिचर्डच्या पदच्युतीचं नाटक करवलं. नट म्हणाले, नाटक जुनं झालंय, प्रेक्षक येणार नाहीत. तर वर 40 शिलिंग दिले. दुसऱ्या दिवशी बंड झालं, फसलं, आणि त्याच महिन्यात एसेक्सचं डोकं उडवलं.

ओटीवरून
नामांवर भांडताय, सर्वनामाकडे बघा की. फ्लिंटच्या तटावर रिचर्ड आधी राजाच्या ‘आम्ही’त बोलतो: आम्ही चकित आहोत, तुझा गुडघा वाकण्याची वाट बघत उभे आहोत. थोड्या वेळाने तो स्वतःला ‘राजा’ म्हणून तिऱ्हाईतासारखा बोलतो: राजाने आता काय करायचं? चौथ्या अंकात मुकुट उतरवताना सगळं ‘मी’. आणि बोलिंगब्रोक? त्याच प्रवेशात आधी ‘मी सिंहासनावर चढतो’ म्हणतो, आणि जाता जाता ‘येत्या बुधवारी आमचा राज्याभिषेक’. मुकुटाबरोबर ‘आम्ही’ही हस्तांतरित झालं! मराठीत हे आयतं आहे. हे जपलंत तर निवेदनाची गरजच नाही.

राजी आहात का, या प्रश्नावर रिचर्डचं उत्तरही असंच. हो, नाही, नाही, हो. इंग्रजीत ‘हो’ आणि ‘मी’ यांचा उच्चार एकच, जुन्या प्रतींत तर स्पेलिंगही एकच, म्हणून ‘मी नाही, नाही मी’ असंही ऐकू येतं. मी करून पाहिलं: ‘हो... नाही. नाही... हो. मीच नाही, तर हो कोण म्हणणार?’ 

सडारांगोळी
सुंदर. पण मराठीत ‘आम्ही’ फक्त राजाचं नाही. ‘आम्ही नाही जा!’ हे रुसलेली मुलगीही म्हणते. नटाने नीट उच्चारलं नाही तर दुसरंच ऐकू येईल.

ओटीवरून
रिचर्डमध्ये ते दुसरंही आहे. दहाव्या वर्षी गादीवर बसलेला मुलगा तो. ऐकू आलं तर येऊ दे.

शुद्धमराठी
गादी नव्हे, सिंहासन. गादी मठाची, महंताची, नाहीतर दुकानाची.

दौतटाक
साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी हे कोणत्या दुकानाचं?

रंगपीठ
सगळ्यांचे आभार. आरोपांच्या कागदाचं आणि ‘आम्ही’चं लगेच तालमीत वापरते. पण पत्रिकेवर एका ओळीत काय छापू? दिग्दर्शक अजून ‘राज्यत्याग’वरच आहेत.

बखरवाचक
वर ‘जहागीर खालसा’ बरोबर आहे, पण पुढे तिलाच ‘वतन’ म्हटलंय ते खटकलं. संस्थान खालसा, जहागीर खालसा. वतन मात्र जप्त होतं. लँकेस्टर वडिलोपार्जित आहे, म्हणजे वतनच म्हणायचं असेल तर खालसा काढा.

दौतटाक
वतन हा हक्काचा शब्द, जहागीर ही कृपेची. रिचर्डच्या लेखी जहागीर, बोलिंगब्रोकच्या लेखी वतन. मी दोन्ही ठेवणार.