सरकारी मदत घेणाऱ्यांची अमली पदार्थांची तपासणी व्हावी का?

रंकाळाकर :
परवा रंकाळ्यावर फिरताना आमच्या मंडळींत वाद झाला. संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा 1500 रुपये मिळत असतील, तर त्यातून कोणी गांजा ओढत नाही ना, हे सरकारने तपासायला नको का, असे एका मित्राचे म्हणणे होते आणि त्यासाठी तो अमेरिकेचा दाखला देत होता. तिथे हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो आणि आपल्याकडे तो कायद्यात बसेल का?

निवृत्त वकील :
अमेरिकेत हा नियम सरसकट नाही. 1996 च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना अशा तपासणीची केवळ मुभा दिली. फ्लोरिडाने 2011 मध्ये, रिक स्कॉट गव्हर्नर असताना, गरजू कुटुंबांसाठीच्या रोख मदतीच्या प्रत्येक अर्जदाराला, संशय असो वा नसो, लघवीची तपासणी सक्तीची केली. तिचा खर्च अर्जदाराने आधी खिशातून करायचा आणि दोष न आढळल्यास सरकारने तो परत द्यायचा, अशी रीत होती. न्यायालयाची स्थगिती येईपर्यंतच्या सुमारे चार महिन्यांत 4,046 जण तपासले गेले, त्यांपैकी 108 दोषी आढळले, म्हणजे शेकडा तीनही नाहीत. उलट बाकीच्यांना परत द्यावी लागलेली रक्कम 1,18,000 डॉलरच्या वर गेली आणि या 108 जणांची मदत रोखून जे वाचले त्याहून ती अधिक भरली. (चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.) 2014 मध्ये अपील न्यायालयानेही हा कायदा घटनाबाह्य ठरवला, कारण संशयाला जागा नसताना केवळ मदत मागितली म्हणून कोणाची झडती घेता येत नाही. युटा आणि टेनेसी ही राज्ये आधी प्रश्नावली भरून घेतात आणि संशय आला तरच तपासणी करतात.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला असल्यामुळे, अशा अटीला स्पष्ट कायदा, रास्त हेतू आणि हेतूच्या मानाने बेताचाच उपाय, अशा तिन्ही कसोट्यांवर उतरावे लागेल. तिसरीवर ती टिकेल, असे मला वाटत नाही.

अर्ज लिहून देणारी :
मी तहसील कचेरीबाहेर या योजनेचे अर्ज भरून देते. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये आहे, शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि त्यासाठीच म्हाताऱ्या बायका गावाकडून एसटीने दोन-दोन खेपा घालतात. माझ्याकडे येणाऱ्यांच्या घरांत व्यसन आहेच, पण ते बहुधा दारूचे आणि मुलाचे किंवा नवऱ्याचे. अर्ज मात्र विधवेच्या नावाचा असतो. मग तपासायचे कोणाला?

रंकाळाकर :
दोघांचेही आभार. फ्लोरिडात आई किंवा वडील दोषी आढळल्यास मुलांच्या वाट्याची मदतही बंद होत असे का?

निवृत्त वकील :
नाही. मुलांचा हक्क कायम राहत असे, मात्र त्यांचे पैसे दुसऱ्या एखाद्या व्यक्तीच्या हाती दिले जात.